मस्टरवरचं नाव

व्हॅलेंटाईनचा माल जानेवारी संपता संपता तोडायला येतो. त्यासाठी नोव्हेंबरअखेर दिवस मोजून पिंचिंग, म्हणजे शेंडे खुडणं, केलेलं असतं. एकदा कळी तयार झाली की ती कुणाची अडचण ऐकत नाही. सकाळी तोडायची राहिली तर दुपारी उमललेली असते, आणि उमललेलं लाल गुलाब हॉलंडच्या लिलावात कुणी विचारत नाही. २८ जानेवारी २००८, सोमवार, सकाळी साडेसहा. केनियातल्या नैवाशा तळ्याकाठच्या फार्मवर मी हजेरीचं मस्टर घेऊन उभा होतो आणि माझ्या डोक्यात हेच चाललं होतं. आज लिहिताना लाज वाटते, पण होतं ते होतं.

माझ्या सेक्शनला चारशेच्या आसपास माणसं. हजर साठ-सत्तर. त्यातले निम्मे तरी कामावर आलेच नव्हते, रात्रीच कुंपणाच्या आत आले होते. ग्रेडिंग हॉलमध्ये फुलांचे रिकामे खोके उघडून, त्यावर मुलांना निजवून बसले होते. हॉलमध्ये नेहमी पानांचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास असतो. त्या दिवशी त्यात धूर होता. धूर कारागिताच्या बाजूने येत होता. कारागिता म्हणजे तळ्याच्या रस्त्यावरची मजुरांची वस्ती. पत्र्याच्या खोल्या, एकेका खोलीत पाच-सहा जण, आणि शेजारी शेजारी सगळ्या जमाती.

मी राहुरीचा बी.एस्सी. ॲग्री. तळेगावला पॉलिहाऊसमध्ये तीन वर्षं काढून २००५ साली इथे आलो. आल्या आल्या नव्या राज्यघटनेच्या मसुद्यावर सार्वमत झालं. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी खुणा दिल्या होत्या, होकाराला केळं, नकाराला संत्रं. संत्रं जिंकलं, आणि त्याच संत्र्यातून पुढे विरोधी नेते रायला ओडिंगांचा पक्ष उभा राहिला. मला तेव्हा याची गंमत वाटली होती. आपल्याकडे घड्याळ, धनुष्यबाण, इथे फळं.

भाषा शिकताना आणखी एक गंमत. स्वाहिलीत जमातीला 'कबिला' म्हणतात. आपला कुटुंबकबिला तोच, दोघांचा आजा अरबी. आपण तो शब्द घरातल्या माणसांपुरता ठेवला, त्यांनी तो मतदानापर्यंत नेला, असं मी मित्रांना फोनवर सांगायचो. फार शहाणपणाचं बोलतोय असं वाटायचं.

नावं मात्र मी पटकन शिकलो. लुओ मुलांची नावं बहुतेक 'ओ'ने सुरू होतात, मुलींची 'अ'ने. रात्री जन्मला तो ओटिएनो, पावसात जन्मला तो ओकोथ, उन्हं वर आल्यावर जन्मली ती अचिएंग. कमाऊ, न्जोरोगे, वांबुई हे किकुयू. वेकेसा, वाफुला हे लुह्या. 'किप'ने सुरू झालं की कालेंजिन. मस्टर वाचता वाचता हे आपोआप कळू लागलं, आणि त्यात मला काही वावगं वाटलं नाही. कसं वाटेल? आमच्या गावात नवा माणूस आला की चहा येण्याआधी 'आडनाव काय?' येतं, आणि उत्तर ऐकताच विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक हिशेब पुरा होतो. तो चेहरा मी जन्मापासून बघत आलोय.

राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली २७ डिसेंबर २००७ ला. एकीकडे सत्तेवरचे किबाकी, किकुयू; दुसरीकडे ओडिंगा, लुओ. रांगा पहाटेपासून, आणि इतक्या शिस्तीत की आमच्याकडच्या निवडणूक अधिकाऱ्यांना आणून दाखवाव्यात. मोजणीत सुरुवातीला ओडिंगा पुढे होते. मग काही भागांतले आकडे यायचेच थांबले. ३० तारखेला संध्याकाळी आयोगाचे अध्यक्ष किवुईटू यांनी किबाकींना सुमारे २ लाख ३० हजार मतांनी विजयी घोषित केलं, तेही फक्त सरकारी वाहिनीसमोर. तासाभरात दिवेलागणीला शपथविधी उरकला आणि टीव्हीवरच्या थेट प्रक्षेपणावर बंदी आली. नंतर दोनच दिवसांनी, किबाकी खरंच जिंकले का हे आपल्याला ठाऊक नाही, असं खुद्द किवुईटूंनी पत्रकारांना सांगितलं. मॅचचा निकाल दिल्यावर अंपायरने 'बॉल नीट दिसला नाही' म्हणावं, तसं. फक्त इथे प्रेक्षकांच्या हातात कोयते होते.

पहिली आग पश्चिमेकडे लागली, किसुमूत आणि एल्डोरेटकडे. १ जानेवारीला एल्डोरेटजवळ कियांबा इथे चर्चमध्ये आसऱ्याला गेलेल्या किकुयू बायकामुलांना चर्चसकट जाळलं. रागाला मत हे निमित्त होतं. खाली जमिनीचा जुना हिशेब होता. रिफ्ट व्हॅलीत स्वातंत्र्यानंतर किकुयूंना जमिनी मिळाल्या आणि आधीपासून तिथे राहणाऱ्यांच्या मनात ते राहून गेलं. १९९२ आणि १९९७ च्या निवडणुकांच्या आगेमागेही तिथे घरं जळलीच होती. आता एल्डोरेटहून पळालेले किकुयू ट्रकमधून आमच्या बाजूला उतरू लागले, भाजलेले हात आणि ऐकवत नाहीत अशा हकिकती घेऊन. नैवाशात किकुयू बहुसंख्य आणि फुलांच्या फार्मवर लुओ, लुह्या, किसी हजारोंनी. काय होणार हे वस्तीतल्या पोरासोरांना दिसत होतं. मला फक्त लाल व्हरायटीचे तीन ब्लॉक दिसत होते.

रविवारी, २७ तारखेला, शहरात काबाती वस्तीत एका घरात लपलेल्या १९ जणांना जाळून मारलं, त्यांत मुलंही होती. किकुयू पोरं रस्त्यावर अडथळे लावून ओळखपत्रं मागत होती, आणि ओळखपत्र नसेल तर किकुयूत बोलायला लावत होती. पुरुषांचं आणखी काय केलं ते मला लिहवत नाही.

सोमवारी अकराच्या सुमारास जनरल मॅनेजरांचा रेडिओवर निरोप आला. पोलिसांचं एक वाहन येणार, लुओ कुटुंबांना नैवाशा पोलीस ठाण्याच्या आवारात नेणार, तिथे आधीच हजारो लोक बसलेत. जागा कमी, फेरी एकच. नावांची यादी तयार ठेव.

मी ग्रेडिंग टेबलवर मस्टर उघडलं आणि लाल पेनाने खुणा करायला लागलो. ओ, ओ, अ, ओ. वीस मिनिटांत झालं. इतक्या लवकर झालं याचंच नंतर भय वाटलं. कुणाला काही विचारावं लागलं नाही, अगदी अडथळ्यावरच्या पोरांसारखंच. ते मारायला यादी करत होते, मी वाचवायला. पण पद्धत एकच, 'ओ' दिसला की खूण.

यादी वाचून दाखवली. माणसं उठून दाराशी गेली. आणि सहा नंबर टेबलवरची बंचिंगवाली बाई पुढे आली. इथे बाईला मानाने 'मामा' म्हणतात, पहिला महिनाभर मला हसू आवरायचं नाही. हॉलमधला सगळ्यात चलाख हात तिचा होता. वीस दांड्यांचा बंच बांधताना तिला मोजावं लागत नसे.

"बॉस, माझं नाव राहिलं."

मी मस्टर पाहिलं. तिचं नाव स्वच्छ किकुयू होतं. म्हटलं, "मामा, तुम्हाला काय भीती? तुम्ही तर..."

"नवरा लुओ आहे."

नवरा दुसऱ्या फार्मवर स्प्रेच्या कामावर होता. शनिवारपासून त्याचा फोन लागत नव्हता. दोन मुलं तिच्या मागे उभी होती. थोरल्याच्या पायात तिचेच गमबूट, गुडघ्याच्या वर आलेले. मुलांची नावं बापाकडची, 'ओ'ची. कामाला लागताना तिने माहेरचं नाव दिलं होतं, तेच कार्डावर, तेच मस्टरवर.

दाराशी गेलेल्यांपैकी एक पुरुष म्हणाला, ही त्यांच्यातली आहे, ही आमच्यात नको, रात्री कुणाला काय सांगेल. दोन बायका त्याच्यावर ओरडल्या. काल रात्रीपासून त्यांची पोरं हिच्याच गोधडीत होती. तो गप्प झाला, पण जागचा हलला नाही. बाहेर वस्तीत गेली असती तर ती 'लुओची बायको' होती. पोलीस ठाण्याच्या आवारात 'किकुयू'. आणि माझ्या मस्टरप्रमाणे सुरक्षित.

मला ठरवता येईना. खरं सांगायचं तर ते माझ्यावर येऊ नये असंच वाटत होतं. मी परदेशी, वर्क परमिटवर, 'मुहिंदी', म्हणजे हिंदुस्थानी. तिने माझ्या हातातून पेन घेतलं, मुलांची दोन नावं यादीच्या तळाशी लिहिली आणि त्याखाली आपलं, नवऱ्याच्या नावासकट. अक्षर शाळेतल्यासारखं गोल. मग थोरल्याला म्हणाली, बूट ओढत चालू नको.

वाहन दीडला आलं. ती मुलांना घेऊन चढली. तो पुरुष सरकला, की त्याला सरकवलं, ते गर्दीत दिसलं नाही.

दुपारी उरलेल्यांना घेऊन आम्ही कटिंग केलं. मी, ड्रायव्हर, हिशेबनीस, सगळ्यांनी कात्र्या घेतल्या. तीन ब्लॉकपैकी एक वाचला. दुसऱ्या दिवशी डोक्यावरून लष्कराची हेलिकॉप्टरं गेली आणि शहराकडून गोळीबाराचा आवाज आला. त्याच दिवशी नैरोबीत कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने बोलणी सुरू झाली. आमचा माल पोलीस बंदोबस्तात विमानतळावर गेला. १४ फेब्रुवारीला युरोपात गुलाबं वेळेवर पोचली. २८ फेब्रुवारीला करार झाला, किबाकी राष्ट्राध्यक्ष राहिले, ओडिंगा पंतप्रधान झाले. तोवर अकराशेहून अधिक माणसं गेली होती.

पुढचं थोडक्यात. २०१० मध्ये नवी राज्यघटना आली. हिंसेत परस्परविरोधी बाजूंना असल्याचा आरोप ज्यांच्यावर हेगच्या न्यायालयात झाला, ते उहुरू केन्याटा आणि विल्यम रूटो २०१३ मध्ये एका तिकिटावर लढले आणि जिंकले. दोघांवरचे खटले पुढे बारगळले. फार्मवर यावर चर्चा होत नसे. चहाच्या सुट्टीत माणसं इंग्लिश फुटबॉलबद्दल बोलत.

ती मामा २००८ च्याच मे महिन्यात परत आली. एकटी. मुलं किसुमूकडे सासूपाशी ठेवल्याचं तिने सांगितलं. नवऱ्याचं मी विचारलं नाही, तिनेही काढलं नाही. क्लार्कने नवं कार्ड करायला घेतलं आणि विचारलं, नाव कोणतं लिहू?

"जुनंच राहू दे," ती म्हणाली, आणि तिची कात्री कोणी नेली ते शोधायला सहा नंबरकडे गेली.