वर्डच्या फायली जोडताना: माझा अनुभव

दिवाळी अंकासाठी लेखकांनी पाठवलेल्या वर्डच्या फायली जोडून मुद्रकाला एकच फाइल द्यायची होती. कॉपी-पेस्टला बसलं की दर लेखाबरोबर नव्या स्टाइल्सचा कचरा येतो, म्हणून पायथन या प्रोग्रामिंग भाषेत कोड लिहून करायचं ठरवलं.

वर्डची डॉक्स फाइल म्हणजे खरं तर झिप, अनेक फायलींचं गाठोडं. उघडली की आत डॉक्युमेंट डॉट एक्सएमएल मिळते. बॉडीच्या पोटात परिच्छेद, परिच्छेदाच्या पोटात रन (एकाच फॉरमॅटिंगचा तुकडा), रनच्या पोटात मजकूर. एलएक्सएमएल या पायथनच्या लायब्ररीने हे झाड वाचणं सोपं, फांदी उचलून दुसऱ्या झाडाला लावणंही सोपं. फक्त तिथे अपेंड (शेवटी जोडणं) म्हणजे कॉपी नव्हे. एका नोडला (झाडाच्या फांदीला) पालक एकच, त्यामुळे तो जुन्या झाडातून निघूनच येतो. ब्राउझरच्या डॉममध्येही (वेबपानाच्या अशाच झाडात) डॉक्युमेंट फ्रॅगमेंट, म्हणजे नोड्सचा सुटा गठ्ठा, जोडला की मागे रिकामा उरतो, त्याच जातीचं हे वागणं. मला मूळ झाडं शाबूत हवी होती, तेव्हा सगळीकडे डीपकॉपी (आतल्या सगळ्यासकट वेगळी प्रत). बॉडीच्या शेवटी बसणारा सेक्टपीआर (कागदाचा आकार, समास वगैरे) मात्र प्रत्येक लेखातून गाळला. तो मुख्य फाइलचाच ठेवला.

खरी कटकट पुढे. परिच्छेदात चित्र नसतंच, असतो नुसता आरआयडी-५ सारखा क्रमांक. चित्र मीडिया फोल्डरात आणि दोघांची गाठ तिसऱ्याच रिलेशन्सच्या फायलीत. भाडेकरूने घर बदललं पण रेशनकार्डावर पत्ता जुनाच राहिला, तसं होतं: नव्या फाइलीतही एक आरआयडी-५ असतो, तो भलतंच चित्र दाखवतो. त्यामुळे नोड हलवण्याआधी चित्र नेणं, नवा क्रमांक घेणं, मग कॉपीतला क्रमांक बदलणं. क्रमांकित याद्यांचंही तेच. त्यांचा हिशेब नंबरिंग डॉट एक्सएमएलमध्ये. तो न बदलता जोडलं तर एका लेखातली यादी मागच्या लेखाच्या आकड्यापुढे चालू होऊ शकते.

मजकुरातली शोधाशोध तर भारीच निघाली. एका लेखात 'परिस्थिती' सापडेना. नोड छापून पाहिले तर लेखकाने मागाहून दीर्घ वेलांटी ऱ्हस्व केलेली, आणि वर्डने त्या जागी शब्दाचे तीन रन केलेले: 'पर', मग एकटी वेलांटी, मग 'स्थिती'. मधली ती वेलांटी टर्मिनलवर ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेली! रनवरचे आरएसआयडी हे संपादनाच्या नोंदीचे आकडे बाजूला ठेवून, ज्यांचं फॉरमॅटिंग एकच आहे असे शेजारचे रन आधी एकत्र केले, शोध त्यानंतर.

मथळे ठळक करतानाही देवनागरीचं वेगळंच. नेहमीचा बी टॅग लावून उपयोग नाही. वर्ड देवनागरीला कॉम्प्लेक्स स्क्रिप्टमध्ये (गुंतागुंतीच्या मांडणीच्या लिपींत) धरतं, तेव्हा बीसीएस लागतो. आकारासाठी एसझेडसीएस, तोही अर्ध्या पॉइंटात: १४ पॉइंट हवा तर २८ लिहायचं. इंग्रजी उदाहरणं बघून लिहिलेला कोड इथे हमखास हात टेकतो.

तपासणी लिब्रेऑफिसमध्ये केली तर बरंच काही ते पोटात घालतं. वर्ड घालत नाही. म्हणून प्रत्येक लेख जोडला की फाइल आधी वर्डमध्ये उघडायची, मगच पुढचा लेख घ्यायचा, असं करत अंक पुरा केला.