सातला दोनने भागल्यावर

मोफत व्हिडिओ व्याख्यानांतून प्रोग्रॅमिंग शिकता येते, हे मी आता खात्रीने सांगू शकते. मात्र जी व्याख्यानमाला पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कोणत्या आवृत्तीवर बेतलेली आहे हे कोठेही लिहिलेले नाही, ती कितीही लोकप्रिय असली तरी नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये, असे माझे ठाम मत झाले आहे. ज्या गोष्टीचा उलगडा एका ओळीच्या सूचनेने झाला असता, तिच्यापायी माझ्या कितीतरी संध्याकाळी गेल्या आणि त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

इंदूरच्या सियागंजात किराणा मालाच्या एका ठोक पेढीवर मी हिशेब सांभाळते. आलेल्या ट्रकचे भाडे आणि हमाली ज्याच्या त्याच्या गोण्यांच्या प्रमाणात वाटून खात्यावर टाकायची, हे काम रोजचे आणि वेळखाऊ असल्यामुळे ते कॉम्प्युटरकडून करून घ्यावे, या विचाराने मी शिकायला बसले. नवशिक्यांसाठी पायथन सोपी, असे जो तो सांगत होता आणि ते खरेही निघाले. हिंदीतील एक मोफत व्याख्यानमाला निवडली. शिकवणाऱ्यांची भाषा स्वच्छ होती आणि समजावून सांगण्याची हातोटीही चांगली होती. व्हेरिएबल, अटी, लूप हे भाग मला अडले नाहीत, कारण हिशेबाचे काम करणाऱ्याला टप्प्याटप्प्याने विचार करण्याची सवय असतेच.

अडले ते व्याख्यानातील उत्तर आणि माझ्या पडद्यावरचे उत्तर जुळेना तेव्हा. सुरुवात पडद्यावर उत्तर दाखवणाऱ्या प्रिंट या आज्ञेपासून झाली. सर कंस न घालता प्रिंट लिहीत आणि त्यांचे काम चाले. मी तेच अक्षरशः उतरवून काढले की लाल अक्षरांत चूक दाखवली जाई. निदान त्या संदेशात कंस राहिल्याचे लिहिलेले होते, म्हणून तो प्रश्न सुटला. पुढे वापरणाऱ्याकडून दोन संख्या घेऊन त्यांची बेरीज करण्याचा पाठ आला. सरांनी 5 आणि 7 दिले, त्यांच्याकडे 12 आले. मी तेच आकडे दिले आणि माझ्याकडे 57 आले. त्यानंतर भागाकाराचा पाठ आला, आणि तेथे मी खरोखरच थांबले. सरांच्या पडद्यावर सात भागिले दोन याचे उत्तर 3 होते, माझ्या पडद्यावर 3.5 होते. चिन्ह तेच, आकडे तेच, कोठे चुकीचा संदेशही नाही, आणि उत्तरे दोन. ज्या माणसाचे आयुष्य ताळा जुळवण्यात गेले आहे, त्याला अशा वेळी पुढचा पाठ लावणे शक्यच नसते. ज्या यंत्राच्या भागाकाराची खात्री नाही, त्याच्यावर मी लोकांचे गाडीभाडे कसे सोपवणार होते?

व्याख्यानमालेसोबत शंकांसाठी दिलेल्या पत्त्यावर मी तपशीलवार ई-मेल पाठवली. तिला उत्तर आले नाही. भंवरकुव्याजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये जाऊन विचारले, तर तेथील तरुणाने माझा लॅपटॉप उघडूनही न पाहता सांगितले, ‘‘मॅडम, तुमचं इन्स्टॉलेशन बिघडलंय, सगळं काढून परत टाका. नाहीतर आमच्या बॅचला या, पहिल्यापासून शिकवू.’’ मी पायथन काढले, पुन्हा टाकले, पुन्हा काढले, दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकले, उत्तर 3.5 ते 3.5च राहिले. हे सारे अनावश्यक होते, कारण माझ्या इन्स्टॉलेशनमध्ये काहीही बिघाड नव्हता. शिकायला येणाऱ्या मध्यमवयीन बाईचे यंत्रच बिघडलेले असणार, असे तपासल्याशिवाय ठरवून टाकणे मला फार लागले.

अखेर उलगडा मीच केला, आणि त्याचा मला अभिमान आहे. वही हातात आली की पहिल्या पानावरचे आर्थिक वर्ष आधी पाहायचे, ही माझी जुनी सवय. तिला स्मरून मी पहिले व्याख्यान पुन्हा लावले आणि सर पायथनची खिडकी उघडतात त्या क्षणी व्हिडिओ थांबवून तो पूर्ण पडदाभर केला. खिडकीच्या अगदी वरच्या ओळीत बारीक अक्षरांत आवृत्तीचा क्रमांक होता: 2.7. माझ्या खिडकीत त्याच जागी 3 ने सुरू होणारा क्रमांक होता. ती ओळ सरांच्या पडद्यावर जेमतेम काही क्षण दिसते आणि तिच्याबद्दल ते अवाक्षरही काढत नाहीत.

मग मी या प्रकरणाच्या मुळाशी गेले. गिदो व्हॅन रॉसम यांनी पायथन 1991 साली प्रथम लोकांपुढे आणली. 3 डिसेंबर 2008 रोजी आलेल्या 3.0 या आवृत्तीत जुन्या काही चुकीच्या वाटणाऱ्या गोष्टी जाणूनबुजून बदलण्यात आल्या, त्यामुळे जुन्या पद्धतीने लिहिलेले प्रोग्रॅम नव्या आवृत्तीत जसेच्या तसे चालेनासे झाले. तरीही जुन्या, म्हणजे 2 ने सुरू होणाऱ्या शाखेची 2.7 ही आवृत्ती 2010 मध्ये निघाली आणि तिची देखभाल 1 जानेवारी 2020 पर्यंत चालू राहिली. इतकी वर्षे दोन्ही शाखा शेजारीशेजारी नांदल्यामुळे त्या काळातली असंख्य व्याख्याने जुन्या शाखेतली आहेत. जुन्या शाखेत पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की उत्तरही पूर्णांकच मिळे. नव्या शाखेत एका तिरक्या रेघेने खरे, दशांशासह उत्तर मिळते आणि पूर्णांकच हवा असेल तर दोन तिरक्या रेघा द्याव्या लागतात. त्यातही जपायला हवे, कारण दोन रेघांचा भागाकार नेहमी खालच्या पूर्णांकाकडे जातो: उणे सात भागिले दोन याचे उत्तर उणे तीन नव्हे, उणे चार येते. परताव्याच्या रकमा उणे चिन्हाने लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. बेरजेचे कोडेही असेच सुटले: जुन्या शाखेत इनपुट ही आज्ञा दिलेल्या मजकुराचा आकडा करूनच देत असे, नव्या शाखेत ती मजकूरच देते, म्हणून 5 आणि 7 एकापुढे एक चिकटून 57 होतात. त्यांना आधी इंट या आज्ञेने पूर्णांकात आणले की 12 येतात.



व्याख्यानमाला निवडताना आता मी पहिल्या पाठाचा पहिला पडदा पाहते आणि आवृत्ती 3 नसेल तर तेथेच सोडून देते. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे प्राध्यापक माधवन मुकुंद यांचा पायथनवरचा अभ्यासक्रम एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावर आहे; तो इंग्रजीत असला तरी बोलणे संथ आणि नेमके आहे. तेथील व्याख्याने पाहायला पैसे पडत नाहीत, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच शुल्क भरावे लागते. मराठीतून सुरुवात करायची असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात अनेक विषयांचे छोटे पाठ मराठी निवेदनासह आहेत, आणि पाठ थांबवत थांबवत शेजारच्या खिडकीत स्वतः करून पाहावा, अशीच त्यांची रचना आहे. नुसते पाहत राहिले तर सगळे समजल्यासारखे वाटते; स्वतः लिहायला बसल्यावरच काय आले आणि काय नाही ते कळते.

भाड्याच्या वाटणीचा माझा प्रोग्रॅम आता पेढीवर रोज चालतो. पैशांचा हिशेब करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण नवशिक्यांच्या व्याख्यानांत ती मला कोठेही सापडली नाही. पायथनला 0.1 आणि 0.2 यांची बेरीज विचारली, तर सतराव्या दशांशस्थानी एक जादा 4 येतो, कारण हे अपूर्णांक कॉम्प्युटरच्या द्विमान, म्हणजे फक्त 0 आणि 1 च्या पद्धतीत पुरते मांडता येत नाहीत. शिवाय नव्या शाखेतील पूर्णांकात आणणारी राउंड ही आज्ञा अगदी अर्ध्यावरची रक्कम जवळच्या सम संख्येकडे नेते, म्हणजे 112.5 चे 112 होतात. जीएसटीच्या नियमाप्रमाणे मात्र पन्नास पैसे किंवा त्याहून अधिक असतील तर पूर्ण रुपया धरायचा असतो, म्हणजे 113 हवेत. म्हणून रकमांसाठी डेसिमल हे मॉड्यूल, म्हणजे दशांश हिशेबासाठी पायथनसोबतच येणारा तयार भाग वापरावा, रक्कम त्याला अवतरणचिन्हांत मजकूर म्हणून द्यावी, आणि अर्ध्यावर वर जायचे हा नियम क्वांटाइझ करताना, म्हणजे रक्कम हव्या त्या स्थानापर्यंत आणताना स्पष्ट लिहावा.