चार तोळे म्हणजे किती?

दागिन्यांच्या चोरीचा क्लेम आला की मी आधी कुलूप बघते, मग कागद बघते आणि मग घरच्यांशी बोलायला बसते. मी विम्याची सर्वेअर. नेमणूक कंपनी करते. नुकसान किती झालं आणि पॉलिसीप्रमाणे त्यातलं किती देय आहे, एवढं सांगणं माझं काम.

नोव्हेंबर २०२४. पुण्यात कर्वेनगरमधलं जुनं दोन मजली घर. भाऊबीज आटोपून घरचे सगळे रात्रीच दापोलीला गेले होते. तिसऱ्या दिवशी परतले तर कडी-कोयंडा उचकटलेला. एफआयआर आणि पंचनामा दोन्ही झाले होते, घरफोडीबद्दल शंकेला जागा नव्हती. कपाटातला एक पितळी डबा गेला होता. त्यात आजींच्या पाटल्यांची जोडी आणि नातसुनेची साखरपुड्याची अंगठी. पाटल्या लक्ष्मीपूजनासाठी लॉकरमधून आणलेल्या, सुट्ट्या संपून बँक उघडली की परत ठेवायच्या होत्या. समुद्रात अंगठी नको म्हणून नातसुनेने निघताना ती काढून त्याच डब्यात ठेवली होती.

आजी पलंगावर बसून होत्या. वय ब्याऐंशी. दोन्ही हात पदराखाली घेतलेले. माझ्याशी बोलताना त्यांनी ते एकदाही बाहेर काढले नाहीत.

नातसुनेने माझ्यासमोर फाइल ठेवली. अंगठीचं एप्रिलमधलं बिल, एक लाख अठरा हजारांचं. त्यावर हॉलमार्कचा सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक. अर्ध्या कॅरटच्या हिऱ्याचं प्रमाणपत्र, त्यातला क्रमांक हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला. साखरपुड्याचा फोटो, बोटातल्या अंगठीसकट. इतके नेटके कागद मला क्वचित बघायला मिळतात. मी पॉलिसी उघडली, मागे जोडलेली दागिन्यांची यादी वाचली, मग पुन्हा एकदा वरपासून वाचली. नऊ दागिने होते. अंगठी नव्हती.

यादी २०१९ ची होती. काकांनी, म्हणजे आजींच्या मुलाने, एजंटला फोनवर सांगितली आणि त्याने टाइप केली. पुढे दर ऑगस्टला हप्ता भरला गेला, पॉलिसी नवी झाली, यादी तीच राहिली. एप्रिलमध्ये साखरपुडा झाला, अंगठी घरात आली, ऑगस्टमध्ये हप्ताही गेला. त्या पॉलिसीत स्पष्ट लिहिलं होतं की यादीत नोंदवलेल्या दागिन्यांनाच संरक्षण आहे.

मी ते सांगितलं. नातू लगेच म्हणाला, "ताई, आमच्या नव्या फ्लॅटची भारत गृह रक्षा पॉलिसी आहे ना!" तिचा इथे उपयोग नव्हता, ती फ्लॅटच्या पत्त्यावरची. आणि त्या पॉलिसीत घरातलं सामान आपोआप धरतात, पण दागिने त्यात येत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळं कव्हर मागून घ्यावं लागतं. गृहकर्जाबरोबर ही पॉलिसी घेतलेल्या कित्येक घरांत मी हा गैरसमज पाहिला आहे आणि दर वेळी मला तो उशिरा दूर करावा लागतो, याचं फार वाईट वाटतं. काकांचं म्हणणं, लॉकरमध्ये असतं तर निदान बँकेने भरून दिलं असतं. बँक लॉकरमधल्या वस्तूंचा विमा उतरवत नाही. २०२२ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याचा अपहार झाला तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पट, तिथे थांबते. तीन हजार भाडं असेल तर तीन लाख, मग आत कितीही असो.

पाटल्यांचं नेमकं उलट होतं. यादीत पहिल्याच ओळीत त्या होत्या, "पाटल्या जोडी, ४ तोळे, ४० ग्रॅम". कागद मात्र एकही नाही. मी विचारलं, "आजी, कधी केलेल्या पाटल्या?"

"मी नाही गं केल्या. माझ्या सासूबाईंच्या. मी लग्न होऊन आले बासष्ट साली, त्याच्या आधीच्या. चोपन्नच्या असतील."

चोपन्न ऐकलं आणि मी लिहायची थांबले. सराफ आज तोळा म्हणजे दहा ग्रॅम धरतात. खरा जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा. बारा मासे म्हणजे तोळा, आठ गुंजा म्हणजे मासा. मेट्रिक वजनं देशात १९५८ नंतर आली. चोपन्न साली सराफाने चार तोळे तोलून दिले असतील तर ते ४६.६५६ ग्रॅम भरतात. फोनवर "चार तोळे" ऐकून एजंटने समोर चाळीस लिहिलं होतं.

"पावती आहे का काही?"

आजी उठल्या. देवघराखालच्या कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. जुनी पंचांगं, कोणाकोणाच्या पत्रिका, सगळ्यात खाली चार घड्यांचा पिवळा कागद. तो उलगडायला मला पाच मिनिटं लागली, फाटेल अशी भीती वाटत होती. सराफाच्या हातचं लिखाण, आकडे मोडी वळणाचे. तो. ४ मा. ० गुं. ०.

सत्तर वर्षांची झीज आहेच, त्यामुळे एवढ्यावर मला वजन मान्य करता आलं नसतं. तीन वर्षांपूर्वी पाटल्यांना उजाळा दिला होता, असं काकांना आठवलं. त्यांच्या सराफांना फोन लावला. त्यांनी वही काढली आणि दुरुस्तीची नोंद वाचली, पाटल्या जोडी, ४६.४०० ग्रॅम, बावीस कॅरट. ते ऐकून मला जो आनंद झाला तो घरच्यांना कळला नसेल, पण असा पुरावा हाती लागला की दिवसाचं चीज होतं.

मग हिशोब. विम्याची रक्कम सगळ्या दागिन्यांची मिळून दहा लाख, २०१९ च्या भावाने ठरलेली. यादीत एकूण ३०० ग्रॅम. पाटल्यांचं वजन दुरुस्त केल्यावर ३०६.४. बाकीचे आठ दागिने लॉकरमध्ये सुखरूप, पण ते पॉलिसीत होते, म्हणून त्यांची किंमतही धरायची. चोरीच्या वेळी बावीस कॅरटचा भाव ग्रॅमला सात हजारांच्या आसपास, म्हणजे सगळ्याची किंमत साडेएकवीस लाखांच्या घरात आणि विमा दहा लाखांचा. विमा खऱ्या किमतीपेक्षा कमी असला की नुकसानही त्याच प्रमाणात कापून मिळतं. आम्ही त्याला अ‍ॅव्हरेज लागणं म्हणतो. पाटल्यांची किंमत सव्वातीन लाखांच्या जवळ, देय रक्कम १,५१,४३६ रुपये. चाळीस ग्रॅमच धरले असते तर १,३३,३३३. पिवळ्या कागदाने अठरा हजारांचा फरक पाडला.

अंगठीसमोर मी लिहिलं, "यादीत नोंद नाही, देय नाही." बिल, प्रमाणपत्र आणि फोटो समोर असताना ते लिहिणं जड गेलं. नातसुनेने वाद घातला नाही. प्रमाणपत्राची प्रत पोलिसांकडे द्या, हिरा सापडला तर कडेच्या क्रमांकावरून ओळख पटेल, असं मी सुचवलं. तिने ते लिहून घेतलं आणि त्याच वहीचं पान उलटून विचारलं, "यादी आजच नवी केली तर?"

मी म्हटलं, कराच. प्रत्येक दागिन्याचा फोटो, वजन, कॅरट, आजच्या भावाने किंमत, आणि पॉलिसी नवी करताना दर वर्षी तपासायची. लॉकरमधले दागिने सराफाकडून तोलून मूल्यांकनाचा दाखला घ्या.

पिवळ्या पावतीचा फोटो काढून मी ती आजींना परत दिली. त्यांनी ती जुन्या घड्यांवर घातली, डबा बंद केला. मग पदराखालून एक हात काढून गळ्यातल्या मंगळसूत्राला लावला आणि नातसुनेला म्हणाल्या, "हेही घे त्यात. आणि तोळे नको, ग्रॅम लिही."