वरोऱ्याची मंडळी थरच्या वाळवंटात

वरोरा आणि भद्रावती तालुक्यांतील खेड्यांतून सहली नेणे हा माझा व्यवसाय असून, माझी बहुतेक गिऱ्हाइके शेगाव, पंढरपूर नाहीतर काशी मागतात. त्यामुळे आमच्याच भागातील एका कास्तकाराने आई-वडिलांच्या लग्नाच्या पन्नाशीनिमित्त जैसलमेरजवळ सम गावच्या वाळूत एखादे उंची हॉटेल ठरवायला सांगितले, तेव्हा मला नवल वाटले आणि मी स्वतःच बरोबर गेलो.

हॉटेल म्हणजे कापडी तंबू, परंतु आत वातानुकूलन, गालिचे आणि संगमरवरी न्हाणीघर अशी सगळी सोय होती. वडिलांनी, म्हणजे काकाजींनी, वेटरला पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. टँकरने येते हे कळल्यावर त्यांनी टबात अंघोळ करण्यास साफ नकार देऊन बादली मागवली. संध्याकाळी टेकड्यांवर उंट, जीपगाड्या आणि ध्वनिक्षेपक यांची इतकी गर्दी होती की त्याविषयी अधिक लिहिण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या कार्यक्रमात पुन्हा वाळूवरची जीप-सवारीच होती. ती रद्द करून मी मंडळींना वनखात्याच्या परवानगीने मरू राष्ट्रीय उद्यानातील सुदासरीला नेले. जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत पसरलेल्या या उद्यानाचे क्षेत्र ३१६२ चौरस किलोमीटर आहे, आणि त्यात वाळूच्या टेकड्यांपेक्षा सपाट, खडकाळ माळ व सेवण गवतच जास्त आहे. काकाजी गाडीतून वाकून त्या गवताचे ठोंब न्याहाळत होते. थारपारकर गाई यावरच पोसल्या जातात, असे स्थानिक वाटाड्याने सांगताच त्यांनी दुधाचा हिशेब विचारायला सुरुवात केली. चिंकारा दिसले, खेजडीच्या झाडावर गिधाड दिसले. आणि मग वाटाड्याने गाडी थांबवून गवतात बोट दाखवले. लांब मान ताठ ठेवून एक माळढोक पक्षी सावकाश चालला होता.

वाटाड्या हिंदीत माहिती देऊ लागला: नराचे वजन १५ किलोपर्यंत भरते, मादी सहसा एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. काकाजींनी दुर्बीण खाली ठेवली आणि मला म्हणाले, "भाऊ, हे पाखरू त आमच्या वावरात येत होतं. जवारी होती तवा." मी हे हिंदीत सांगितले, तर वाटाड्याचा विश्वास बसेना. वरोरा-भद्रावतीच्या पट्ट्यात माळढोकाची नोंद आहे, हे मी त्याला समजावले. मग पुढचा अर्धा तास तोच काकाजींना विचारत राहिला: पेरणी कधी, पक्षी कोणत्या महिन्यात येई, कुठे बसे. ज्वारी गेली, सोयाबीन आणि पऱ्हाटी आली, पडीत जमीन नांगरटीखाली गेली आणि पाखरू दिसेनासे झाले, इतके काकाजींनी मोजक्या शब्दांत सांगितले. पाहुण्याने वाटाड्याला शिकवावे, हे या धंद्यात मी पहिल्यांदाच पाहत होतो.

परतताना पवनचक्क्या आणि विजेच्या तारा लागल्या. माळढोकाला उडताना समोरचे नीट दिसत नाही आणि जड शरीरामुळे ऐनवेळी वळताही येत नाही, म्हणून तो तारांना धडकून मरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये या तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला होता. २०२४ मध्ये तो बदलून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. काकाजींनी आपल्या वावरावरून जाणाऱ्या लाइनची उंची मुलाला विचारली. त्याला ती सांगता आली नाही.

जैसलमेरच्या सहलीत आता मी जीप-सवारी ठेवत नाही, पहाट सुदासरीसाठी राखतो. काही गिऱ्हाइके यावरून कुरकुरतात, आणि एक कुटुंब तर दुसऱ्या सहलवाल्याकडे गेले.