बोटीचा पंखा निवडताना मी काय घोळ घातला (माझा अनुभव)

तारकर्लीला आमची २२ फुटी फायबरची बोट आहे, मागे ४० एचपीचं टू स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन, सीझनला पर्यटक फिरवतो. देवबागच्या संगमाकडे वाळू सारखी जागा बदलत असते, तिथेच एकदा पंखा आपटला आणि एक पातं वाकलं. नवा घ्यायचाच होता तर म्हटलं जरा मोठा घेऊ, स्पीड वाढेल, म्हणून ११ पिच काढून १३ चा घेतला. पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात, पाण्यात न घसरता, जितके इंच पुढे जाईल तेवढा आकडा. मी धरलं, जास्त इंच म्हणजे जास्त स्पीड.

रिकामी बोट झक्कास पळाली. पण आठ माणसं बसली की नाक वर करून नुसती पाणी नांगरायची, पेट्रोल विचारू नका. आमचे मेकॅनिक काका जेटीवरूनच ओरडले, "झिला, इंजिन रडता, ऐकाक येना तुका?"

मग त्यांनी प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा आरपीएम (मिनिटाला किती फेरे) मीटर दिला. पहिल्यांदा त्याने चक्क ८६०० दाखवलं, मी घाबरलो, तर तो फोर स्ट्रोकच्या सेटिंगवर होता, म्हणून दुप्पट दाखवत होता 😅 खरा आकडा ४३००, फुल थ्रॉटलला, माणसं भरून. आमच्या मॅन्युअलमध्ये ४५०० ते ५५०० पाहिजे. म्हणजे इंजिन पूर्ण फिरतच नव्हतं, चढावर टॉप गिअरमध्ये गाडी रेटल्यासारखं. असं रोज चालवलं की गरम होतं, कार्बन धरतो.

हिशोब सोपा आहे, एक इंच पिच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. परत ११ लावला, तेवढीच माणसं, ४७०० आले. गिअर २:१, इंजिनाच्या दोन फेऱ्यांना पंख्याचा एक, म्हणजे पंखा मिनिटाला २३५०, त्याला ११ इंचांनी गुणलं तर ताशी ३९ किमी निघतात, मोबाइलच्या जीपीएसवर मिळाले २८, बाकीचं घसरण्यात गेलं. आधी १३ च्या पंख्याने याच हिशोबाने ४३ यायला पाहिजे होते आणि मिळत होते २६! मोठ्या पंख्याने स्पीड कमीच झाला होता की.

स्टीलचा घ्यायचाही मोह झाला होता, काका नको म्हणाले, वाळूदगडात ॲल्युमिनियमचं पातं वाकतं आणि तेवढ्यावर भागतं, स्टील कडक, धक्का सरळ गिअरबॉक्सला. महागही आहेच.

बदलताना प्लगच्या वायरी काढायच्या, पातं आणि वरच्या प्लेटमध्ये लाकडाचा ठोकळा अडकवायचा, शाफ्टला मरीन ग्रीस, आणि वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने, मी फोटो काढून ठेवला होता तरी एकदा चुकलो. स्प्लिट पिन मात्र दरवेळी नवी. १३ चा पंखा अजून पडवीत लटकलाय, कोणाला हलक्या बोटीसाठी हवा असेल तर सांगा, स्प्लाइन (शाफ्टवर बसणाऱ्या खाचा) जुळतात का ते आधी बघा फक्त.