मारुती ८००, रविवार सातवा: बॉनेट पुन्हा पत्र्यावर

मागच्या रविवारी प्रायमरचे तीन कोट मारून गाडी झाकली, तेव्हा वाटलं होतं आता पॉलिश पेपर मारला की रंगच. तसं काही झालेलं नाही.

नऊपर्यंत गाडीला हात लावला नाही. साताऱ्यात सध्या सकाळी अजिंक्यतारा धुक्यात आणि पत्र्यावर दव. शेड कोरडी झाल्यावर गाईड कोट मारला, म्हणजे काळ्या स्प्रेचा लांबून उडवलेला हलका शिडकावा. मग लाकडी ठोकळ्याला ४०० नंबरचा पेपर गुंडाळून तिरपे हात, एकदा इकडून, एकदा तिकडून. उंचवट्यावरचं काळं लगेच जातं, खड्ड्यातलं राहतं. ड्रायव्हरच्या दारावर बशीएवढं काळं बेट उरलं. तेवढंच बोटांनी घासायचा मोह होतो, पण बोटांच्या चऱ्या पडतात आणि खड्डा आणखी खोल जातो. शेजारच्या काकांचं आयुष्य एसटीच्या वर्कशॉपात गेलंय. त्यांनी तळहाताखाली धोतराचं फडकं धरून दारावरून हात फिरवला. "लांबीच कमी पडलीया हितं. प्रायमरनं खड्डा न्हाई भरत." दाराला परत लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुटी. ती पाणी पिते, म्हणून तिथे पेपर कोरडाच.

बॉनेटचं मात्र माझ्याच हाताने वाटोळं झालं. कडेच्या घडीवर ठोकळा जास्त दाबला गेला, प्रायमरखालून जुना रंग दिसला आणि त्याखालून पत्रा. शहाणपणा करून तेवढ्यावरच प्रायमर मारला. पाच मिनिटांत कडेने सुरकुत्या, थेट दुधावरच्या सायीसारख्या! मग आधीच करायला हवं होतं ते केलं: थिनरचा बोळा जुन्या रंगावर मिनिटभर धरला. रंग बोळ्याला आला. म्हणजे बॉनेट कधीतरी कुणीतरी एनसी, म्हणजे थिनरने परत विरघळणाऱ्या नायट्रोसेल्युलोज रंगात उरकलेलं. पिकलेला टू-के, म्हणजे हार्डनर घालून पक्का होणारा रंग असता तर ढिम्म हलला नसता; दारांवर बोळा लावला तर तिथे काहीच आलं नाही. पहिल्या वेळी खालचा थर अखंड होता आणि कोट हलके होते, म्हणून निभावलं. आता घासलेल्या कडेतून थिनर आत शिरलं आणि थर फुगला.

वरून आणखी कोट मारून झाकायचा विचार आला होता, खोटं कशाला बोलू. पण बॉनेट काढलं, ८० नंबर, मग १८०, पूर्ण पत्र्यापर्यंत. अडीच तास, उजवा खांदा गेला. उघडा पत्रा दवात ठेवला तर सकाळी तांबूस झालेला सापडतो, म्हणून संध्याकाळच्या आत इपॉक्सी प्रायमर. टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, तेव्हा रुमाल बांधून स्प्रे गन धरणाऱ्यांनी कार्ट्रिजचा मास्क आणाच.

पुढच्या रविवारी सरफेसरचे, म्हणजे रंगाआधी सपाटी आणणाऱ्या प्रायमरचे दोन कोट, मध्ये १५ मिनिटं, सुकल्यावर ६०० पाण्याने. रंग साधा पांढरा आहे म्हणून ६०० चालेल, मेटॅलिक असता तर ८०० पर्यंत गेलो असतो.

घरी संक्रांतीला याच गाडीने वाईला जायचं कबूल करून बसलोय. बॉनेट सध्या अंगणात बाजेवर आहे.