'मी फक्त बोललो, लिहिलं कुठे?'

सोसायटीच्या वार्षिक सभेत कोणीतरी उठून म्हणतं, 'सेक्रेटरीने रंगकामात दोन लाख खाल्ले.' रात्री तेच वाक्य ग्रुपवर पडतं. वकिलाची नोटीस आली की सभेत बोलणाऱ्याचं उत्तर ठरलेलं असतं: मी फक्त बोललो, लिहिलं कुठे? हे उत्तर इंग्लंडात थोडंफार कामाला येतं. आपल्याकडे जवळपास नाहीच.

इंग्लंडच्या कायद्यात टिकून राहणाऱ्या रूपातली बदनामी म्हणजे लायबल आणि तोंडून निघून विरून जाणारी म्हणजे स्लँडर. टिकणारं रूप म्हणजे कागदच हवा असं नाही. खुनाच्या खटल्यात 'गुन्हा शाबीत नाही' म्हणून सुटलेल्या मॉन्सन नावाच्या माणसाचा मेणाचा पुतळा मादाम तुसाँच्या प्रदर्शनात ठेवला गेला, आणि १८९४ साली न्यायालयाने पुतळाही लायबल होऊ शकतो असं म्हटलं. (पुढे ज्यूरीने भरपाई दिली ती एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. अब्रूची किंमत कोर्टात कधीकधी अशीही ठरते.) १९३४ मध्ये बोलपटाचा लायबलमध्ये समावेश झाला, आणि रेडिओ-टीव्हीवर बोललेला शब्द टिकाऊ मानायचा हे आधी १९५२ च्या आणि मग १९९० च्या कायद्याने ठरलं.

एवढा कीस काढण्याचं कारण पैशांचं होतं. लायबलमध्ये नुकसान झालंच आहे असं कायदा धरून चालायचा. स्लँडरमध्ये मात्र नोकरी गेली, गिऱ्हाईक तुटलं, करार मोडला असं मोजता येणारं नुकसान वादीने दाखवायचं. त्याला चार अपवाद होते: तुरुंगवासाच्या गुन्ह्याचा आळ, संसर्गजन्य रोगाचा आळ, बाईच्या चारित्र्यावर शिंतोडे आणि धंद्या-व्यवसायातल्या लायकीवर घाव. यातले रोग आणि चारित्र्य हे दोन २०१३ च्या कायद्याने तिथे काढून टाकले. त्याच कायद्याने लायबल असो की स्लँडर, प्रतिष्ठेला 'गंभीर हानी' झाली किंवा होण्याची शक्यता आहे हे दाखवणं सक्तीचं केलं. म्हणजे लायबलवाल्याची जुनी सवलतही बरीच आटली.

आता आपल्याकडे. भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ ने १८६० मध्येच हा भेद उचलून बाजूला ठेवला. बोललेले शब्द, वाचण्यासाठी लिहिलेले शब्द, खुणा, चित्रं, सगळं एकाच कलमात. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ झालं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही, आणि नव्याने आलेला पर्याय म्हणजे समाजसेवा. बोलण्याला सवलत नाही याचं ठळक उदाहरण सर्वांना माहीत आहे: २०१९ मध्ये कोलारच्या प्रचारसभेत राहुल गांधी जे बोलले, त्यावरून सुरतच्या न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये कमाल म्हणजे दोन वर्षांची शिक्षा सुनावली. दोषसिद्धीला सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगिती दिली. पण तोंडी बोलण्याला लेखी मजकुराइतकीच शिक्षा होऊ शकते, हा मुद्दा तिथे कोणाच्याच वादाचा नव्हता.

दिवाणी बाजूला तर अब्रुनुकसानीचा संहिताबद्ध कायदाच नाही. न्यायालयं इंग्लिश तत्त्वं घेत आली, पण जशीच्या तशी नाही. मद्रास उच्च न्यायालयाने १८८४ मध्येच सांगितलं की तोंडी बदनामीला मोजता येणारं नुकसान दाखवण्याची इंग्लिश अट इथे लावण्याचं कारण नाही, आणि बाईच्या चारित्र्यावर केलेल्या आरोपाबाबत मुंबईनेही १९२० च्या दशकात तेच म्हटलं. गावात एका वाक्याने घर उठतं. तिथे 'नुकसानीची पावती आणा' म्हणणं हास्यास्पदच झालं असतं.

तरी भेद पूर्ण मेलेला नाही. तो मुदतीच्या कायद्यात आहे. १९६३ च्या अधिनियमात अनुच्छेद ७५ लेखीसाठी आणि ७६ तोंडीसाठी. दोन्हींना मुदत एकच वर्ष. लेखीला ते प्रसिद्धीपासून, तोंडीला शब्द उच्चारल्यापासून मोजायचं. नुकसान दाखवल्याशिवाय ज्यांवर दावाच होत नाही असे शब्द असतील, तर नुकसान झाल्या दिवसापासून. हे एक वर्ष फार लोकांना नडतं. नोटीस, तिला उत्तर, मग मध्यस्थी, मग दिवाळी, आणि दावा मुदतबाह्य. खासगी माणसावर दावा लावायला आधी नोटीस पाठवण्याचं बंधनही नाही, तरी सगळे नोटिशीतच वर्ष घालवतात. फौजदारी फिर्यादीला तीन वर्षं मिळतात, म्हणून पुष्कळजण तिकडे वळतात. नोटिशीत 'एक कोटी भरपाई' लिहायला काही लागत नाही. दाव्यात मात्र मागितलेल्या रकमेवर कोर्ट फी भरावी लागते, आणि तेव्हा कोटीचे पाच लाख होतात.

दुसरा, आणि खरा, फरक पुराव्याचा. दाव्यात शब्द जसेच्या तसे, ज्या भाषेत होते त्याच भाषेत मांडावे लागतात. 'माझ्याबद्दल वाईटसाईट बोलला' या मोघम वाक्यावर दावा उभा राहत नाही. सभेचंच पाहा. एक साक्षीदार म्हणतो, 'दोन लाख खाल्ले' असं ऐकलं. दुसरा म्हणतो, 'दोन लाखांचा हिशेब कुठाय?' असं विचारलं. पहिलं वाक्य आरोप आहे, दुसरं सभासदाचा साधा प्रश्न. उलटतपासणीत या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत अख्खा दावा पडतो. म्हणून तोंडी प्रकरणात त्याच रात्री वहीत लिहून ठेवावं: नेमके शब्द, वेळ, जागा आणि ऐकणारे कोण कोण. इतिवृत्तावर भिस्त ठेवू नका. त्यात 'चर्चा झाली' एवढंच असतं.

ग्रुपवरचा मजकूर सोपा वाटतो, पण तिथे वेगळीच चूक होते. लोक स्क्रीनशॉटची प्रिंट काढून चॅट डिलीट करतात किंवा फोनच बदलतात. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर प्रमाणपत्र लागतं आणि त्यात आता हॅश व्हॅल्यूही (फाइल बदललेली नाही हे पटवणारा तिचा अंकाक्षरी ठसा) द्यावी लागते. तेव्हा मूळ फोन जपा, चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, पाठवणाऱ्याचा नंबर आणि तारीख दिसेल असं पाहा. व्हॉइस नोट बोललेली असली तरी टिकणारी आहे. तिला तोंडी म्हणण्यात काही हशील नाही.

लेखी असो की तोंडी, तिसऱ्याच्या कानावर किंवा डोळ्यांसमोर बदनामी गेलीच पाहिजे. यालाच कायदा 'प्रसिद्धी' म्हणतो. बंद पाकिटातून थेट तुम्हालाच आलेलं पत्र कितीही विषारी असलं तरी अब्रुनुकसानी होत नाही. पाटणा उच्च न्यायालयापुढे १९५८ साली एक छान पेच आला होता. पत्र उर्दूत होतं, ज्याला आलं त्याला उर्दू येत नव्हतं, म्हणून त्याने ते दुसऱ्याकडून वाचून घेतलं. निकाल असा, की त्याला उर्दू येत नाही हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं हे सिद्ध झालं नाही, तर ती प्रसिद्धी लिहिणाऱ्याची नव्हे. याउलट दुसऱ्याचा मजकूर 'आलाय तसा पुढे पाठवतोय' म्हणून फॉरवर्ड करणं ही नवी प्रसिद्धी असते. नुसती शिवी मात्र बहुधा अब्रुनुकसानीत बसत नाही. शांतताभंगाला चिथावणारा अपमान हे वेगळं कलम आहे, ३५२.

'खरं असेल तर काय हरकत?' दिवाणीत खरेपणा हा पूर्ण बचाव आहे. १८६१ मध्ये मुंबईत वैष्णव धर्मगुरू जदुनाथजी महाराजांनी पत्रकार करसनदास मुळजींवर पन्नास हजारांचा दावा लावला, तो करसनदासांनी छापलेले आरोप साक्षीपुराव्याने खरे ठरवून १८६२ मध्ये परतवला. फौजदारीत मात्र नुसतं खरं पुरत नाही. ते लोकहितासाठी सांगितलं हेही आरोपीनेच दाखवायचं. आणि माफीने गुन्हा पुसला जात नाही. कोल्हापूरच्या दिवाण बर्व्यांविरुद्ध छापलेली पत्रं बनावट निघाली, टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीत १०१ दिवस काढावे लागले. कागद स्वतः तपासल्याशिवाय छापू नये, याला 'सद्भाव' हा शब्द आहे. कायद्यात त्याचा अर्थ चांगला हेतू एवढाच नाही, योग्य ती काळजी आणि लक्ष असा आहे.

पोलिसांकडे गेलात तर गुन्हा अदखलपात्र असल्याने एनसी, म्हणजे नुसती नोंद, मिळेल, तपास होणार नाही. रस्ता आहे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे खासगी फिर्यादीचा, आणि ती सहसा बाधित व्यक्तीनेच करायची. तिथे तुमची शपथेवर पडताळणी होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ नुसार दखल घेण्यापूर्वी समोरच्यालाही म्हणणं मांडायची संधी मिळते, त्यामुळे एकतर्फी प्रोसेस (समन्स) काढून समोरच्याला धक्का देण्याचे दिवस आता राहिले नाहीत.

उरला रंगकामाचा सभासद. शंका प्रामाणिक असेल तर बिलांच्या प्रती जोडून सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे अर्ज करा. ज्याला चौकशीचा अधिकार आहे त्याच्याकडे सद्भावाने केलेली तक्रार कलम ३५६ च्या आठव्या अपवादात येते. अर्ज दिल्यावर पोच घ्या. त्या पोचेचा फोटो 'सर्वांच्या माहितीसाठी' ग्रुपवर मात्र टाकू नका. आठवा अपवाद उपनिबंधकाच्या टेबलापर्यंतच सोबत करतो, बाकीच्या एकशे वीस मेंबरांपर्यंत येत नाही.